सिनेमाची प्रतवारी

सिनेमा सुटला की लोक चपला चाचपतात, आडोशाला पळतात, सायकली काढतात. आमचे ग्रेडरसाहेब टॉकीजच्या पायरीवर थांबायचे. चिमटीत हवा धरायचे, दोन्ही अंगठे जुळवायचे आणि हात हळूहळू एकमेकांपासून लांब न्यायचे. कापूस ओढून त्याचा धागा किती लांब निघतो ते पाहायची ही रीत. कापूस संकलन केंद्रावर प्रत ठरवताना दिवसभर ते बैलबंड्यांतल्या कापसाशी हेच करत. पायरीवर हातात काहीच नसे, तरी भोवतीची माणसं त्या रिकाम्या हातांकडे टक लावून पाहत.

"धागा तुटून राह्यला," ते म्हणत. "इंटरवलपर्यंत बरा होता."

झालं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या घाटंजीत तो सिनेमा इंटरवलपर्यंतच बरा असे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. सिनेमा तुम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून पाहिलेला, तिकीट दोघांनी काढलेलं, पण गावाला पटतं ते त्याचंच. तुम्ही त्याच्या शेजारी बसला असाल, तर मी पुढे काय सांगणार आहे ते तुम्हाला लवकर कळेल.

मी त्याच केंद्रावर काट्यावर होतो. ते कापसाची प्रत ठरवायचे, मी वजन घ्यायचो. शिवाय यवतमाळच्या एका साप्ताहिकात मी सिनेमावर लिहायचो. कथा, पटकथा, छायाचित्रण, सगळ्याला वेगळा परिच्छेद. घाटंजीत त्या साप्ताहिकाचे अंक यायचे, वाण्याकडे पुड्या बांधायला जायचे, आणि एकदा माझंच लिखाण माझ्याच घरी हळदीभोवती गुंडाळून आलं. बायकोनं हळद डब्यात ओतली आणि म्हणाली, "अहो, या नव्या सिनेमाचं ग्रेडरसाहेब काय म्हणतात? चांगला असेल तर रविवारी जाऊ."

मी काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा. आतल्या आत मात्र बरंच काही बोललो.

माणूस दिसायला साधाच. राखाडी सफारी, मिशीला कलप, आणि कलप उडाला की खाली पांढरी रेघ. गाणं लागलं की सरळ झोपायचे. संगीताबद्दल विचारलं तर सांगायचे, "झोप चांगली लागली. म्हंजे चाल बरी असन." मोठमोठ्या सिनेमांना त्यांनी नावं ठेवली आणि ते यवतमाळला महिनाभर चालले. त्यांना त्याचं काही नसे. "लोकं चुकतेत बाप्पा," एवढंच.

आणि त्यांची भाषा! कापसाच्या बाहेरचा शब्द त्यांना सुचतच नसे. एक रडका कौटुंबिक सिनेमा आला होता. बायका पदर ओले करून बाहेर पडल्या. ग्रेडरसाहेब म्हणाले, "पानी मारलेला माल हाय. वजनात भरते, गाठीत सडते." पाणी शिंपडून वजन वाढवलेला कापूस रोज बघणारे आम्ही सगळे तिथेच खो खो हसलो. मीसुद्धा हसलो, आणि घरी जाऊन त्याच सिनेमावर 'भावनांचा अतिरेक' असं काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

घरोघरी टीव्ही आले, मालिका सुरू झाल्या, तसं त्यांचं कार्यक्षेत्र वाढलं. एका मालिकेतल्या सुनेचं सगळं नीट झालं, तरी मालिका संपेना. "फरदड हाय ते," साहेब म्हणाले. खरा कापूस वेचून झाल्यावर झाडं न उपटता पुन्हा पाणी देऊन जो उरलासुरला कापूस काढतात, तो फरदड. "झाड मेलं, तरी यांचं वेचनं चालूच." हे वाक्य आठवडाभर गावात फिरलं. माझ्या बायकोनं ते मला येऊन सांगितलं, जणू मी तिथे नव्हतोच.

टॉकीजचा मालक त्यांना धसकून असे. शुक्रवारी पायरीजवळ पान घेऊन उभा राहायचा. "साहेब, हे घ्या. अन् सोमवारपर्यंत तोंड उघडू नका, हात जोडतो."

"पानानं तोंड बंद व्हते काय?" साहेब म्हणायचे. "लालच व्हते."

ती वर्षं कापसाची वाईट होती. भाव पडलेले, विकलेल्या कापसाचे चुकारे रखडलेले. रांगेत बंड्या दिवस दिवस उभ्या असत आणि त्या रांगेत ग्रेडर म्हणजे यमच. त्यानं 'कवडी' म्हटलं की माल हलका ठरला, भाव गेला. साहेबांना ते म्हणावं लागे आणि म्हणताना ते माणसाकडे बघत नसत. मग हळूच विषय काढायचे, "काल टीवीवर पाह्यला काय गा तो पिच्चर? हिरो मरतानी केवढं भाषन देते! एवढा दम होता त मेला कायले?"

रांग हसायची. एकदा एक म्हातारा शेतकरी हसता हसता म्हणाला, "साहेब, पिच्चरले कवा कवा सुपर ग्रेड देता अन् आमाले कवडीच! उलटं करा नं एखाद्या दिवशी."

साहेबांनी त्या दिवशी दुपारचा डबा उघडला नाही. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की एवढ्या वाईट दिवसांतही त्या रांगेला हसवणारा माणूस मी नव्हतो.

मग केबल आली. केबलवाल्यानं स्वतःचं लोकल चॅनल काढलं. साड्यांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनाच्या बातम्या. एक दिवस तो केंद्रावर आला. दर रविवारी दुपारी सिनेमावर बोलायला कुणीतरी हवं होतं त्याला. तो फाटकातून आत येताना दिसला तेव्हाच मी कॉलर सरळ केली, टेबलावरचे कागद एकावर एक रचले. तो काट्याच्या खोलीपाशी आला, "नमस्कार भाऊ" म्हणाला आणि पुढे कापसाच्या गंजीकडे, साहेबांकडे गेला.

संध्याकाळी साहेब माझ्या खोलीत आले. लग्नाचं बोलावणं आलेल्या माणसासारखे उजळलेले.

"भाऊ, मले टीवीवर बोलावलं."

"कळलं."

"पन भेव वाटून राह्यला. सारा तालुका पायनार. तुमी लिहिनारे मानसं. मले जरासं शिकवा नं, कसं बोलाचं ते."

इथे मला थांबावंसं वाटतं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याजवळ काहीच नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ ठाऊक होतं. 'आहे तसेच बोला' एवढं म्हणायचं होतं. ते माझ्या ओठावर आलंही. आणि मी म्हणालो, "बसा."

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शिकवलं. ते समोर शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून बसायचे.

"'मले' नाही, 'मला'."

"मला. मला. जीभ अडकते भाऊ."

"होईल सवय. आणि 'पिच्चर' नाही, 'चित्रपट'. म्हणा, सदर चित्रपटाचे कथानक."

"सदर चित्रपटाचे... हे सदर कायले पायजे?"

"वजन येतं."

ते मान डोलवायचे. वजन म्हटल्यावर त्यांना ते पटायचं.

"आणि कापसाचं काही काढू नका. लोक म्हणतील, हा माणूस अजून केंद्रावरच बसलाय."

"ते खरं हाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा पडला. "मग काय म्हनू? पानी मारलं असं म्हनाचं असन त?"

"भावनांचा अतिरेक."

"अतिरेक," ते म्हणाले, आणि बोलताना त्यांचा उजवा हात सवयीनं वर उचलला गेला, चिमूट झाली.

"हात मांडीवर," मी म्हणालो. "कॅमेऱ्यासमोर हातवारे चांगले दिसत नाहीत."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मला सांगायला हवं, की त्या वेळी मला वाईट वाटत नव्हतं. एखादा स्क्रू नीट बसत जावा तसं काहीतरी मनात नीट बसत चाललं होतं.

रविवारी आम्ही घरी टीव्ही लावून बसलो. बायकोनं लवकर स्वयंपाक उरकला होता. शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या. पडद्यावर ग्रेडरसाहेब आले. मिशी ताजी काळी, हात मांडीखाली दाबलेले. जणू सोडले तर पळून जातील. ते सुरू झाले. सदर चित्रपटाचे कथानक हृदयस्पर्शी आहे. कलाकारांचा अभिनय समाधानकारक आहे. मध्ये त्यांना शब्द आठवेना, तेव्हा ते कॅमेऱ्याकडे पाहत गप्प बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "छायाचित्रण." आणि पुन्हा गप्प.

शेजारणी आधी हसल्या, मग त्यांना आठवलं की दूध गॅसवर आहे. बायको तशीच बसून होती.

"आजारी आहेत का हो?" ती म्हणाली. थोडं ऐकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तर तुमच्यासारखं बोलतायत."

दुसऱ्या दिवशी रांगेतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, काल टीवीवर कोन होतं? तुमचा भाऊ होता काय?" सगळे हसले. साहेबही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

पुढच्या आठवड्यात केबलवाला काट्याच्या खोलीपाशी आला, आणि या वेळी तिथेच थांबला. मी 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि लगेच हो म्हणालो.

मी बरेच रविवार बोललो. माझं बोलणं कुणी कुणाला येऊन सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. एकच माणूस, ग्रेडरसाहेब, न चुकता सोमवारी सकाळी दारात उभा राहायचा. "भाऊ, झकास बोलले. असं बोलाले पायजे." टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा नीट निरखून पाहिला होता, कारण मला टोमणाच हवा होता.

टॉकीजच्या पायरीवर ते आता थांबत नसत. कुणी अडवून विचारलंच, "साहेब, कसा हाय?" तर म्हणायचे, "मले का समजते त्यातलं? भाऊले इचारा." माणसं माझ्याकडे वळायची. मी बोलायला लागलो की सायकली काढायची. तरीही, 'भाऊले इचारा' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मला आनंद झाला होता. तो कसा झाला हे मी अजून स्वतःला विचारतो. झाला होता, एवढं खरं.

मग कापूस खाजगी व्यापाऱ्यांकडे जायला लागला. केंद्रावरची रांग आखडत गेली. एका हंगामात फाटक उघडलंच नाही. चॅनलही बंद पडलं. मी यवतमाळला आलो. साहेब आर्णीला त्यांच्या घरी गेले. जायच्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "भाऊ, बोलनं सोडू नका." मी मान हलवली.

ते वारल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं. आर्णीला गेलो तेव्हा घरात वहिनी एकट्याच होत्या. मी त्यांना आधी दोन-तीनदाच भेटलो होतो, पण त्यांनी लगेच ओळखलं. "या भाऊजी. टीवीवाले भाऊजी." पाणी दिलं, चहा ठेवला. कोपऱ्यात टीव्ही होता, त्यावर क्रोशाचा रुमाल.

मी घरून ठरवून निघालो होतो. चहाचा कप हातात आल्यावर म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं होतं. ते केबलवर गेले होते ना, त्या वेळी मी त्यांना..."

"त्या केबलचं नका काढू बाप्पा!" त्या म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "घाटंजीले असतानी तुमचा कारेक्रम लागे नं दर रविवारी, तवा हे मले सैपाकघरातून उठवून आने. बस वो म्हने, पाय. तुमी टीवीत बोला, अन् हे इकडं. तुमचं एक वाक्य झालं का यांचं एक. मी त हासून हासून लोळे. पोटात दुखे माह्या."

मला काही कळेना. "घरात बोलायचे? सिनेमावर?"

"मंग! पिच्चरवर, मालिकेवर, बातम्यावर. मरेपर्यंत बोलले. बाहेर नोको सांगू म्हने, लोकाइले आता ते नाई आवडत."

कप माझ्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांचं बोलणं मी संपवलं. ते संपलं नव्हतं. रोज घरात चालू होतं, आधी घाटंजीत, मग या खोलीत, आणि या एका बाईनं ते सगळं ऐकलं होतं.

"मला तर झकास म्हणायचे," मी म्हणालो.

"तुमाले तसंच म्हनन नं! तुमी मास्तर त्यायचे."

"आणि घरात? माझ्या बोलण्यावर काय म्हणायचे?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं कोण जाणे.

"सांगा ना, वहिनी. मला वाईट वाटणार नाही."

"नाई बाप्पा."

"एखादं तरी."

"ते मले सांगे," त्या म्हणाल्या. "माह्याजवळच राहू द्या नं भाऊजी. चाय घ्या, थंडी होऊन राह्यली."

मी चहा घेतला. समोर त्या डोळे पुसत पुन्हा पुन्हा हसत होत्या, माझ्या न ऐकलेल्या कुठल्यातरी वाक्याला. आणि आयुष्यभर मी त्या माणसाचा जेवढा हेवा केला, त्याहून जास्त त्या वेळी वहिनींचा केला.