घरात न ठेवायचं कार्ड

ऑफिसात माझ्याकडे आवक-जावक आणि जुन्या नस्त्यांचं काम आहे. कोणता कागद पाच वर्षं ठेवायचा, कोणता कायमचा आणि कोणता फाडायचा, हे मला नियमांचं पुस्तक न उघडता सांगता येतं. वर्षातून एकदा जुने कागद नष्ट करायचे असतात. ते काम साहेब माझ्यावर सोपवून मोकळे होतात, कारण माझ्या हातून चुकीचा कागद कधी गेला नाही. ऑफिसातून गेला नाही. घरातून गेला, त्याबद्दल लिहिते आहे.

मुलगी तेव्हा ग्राफिक डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. हिंदी मुलखातल्या या शहरात, चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी तिच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला असे. पुढे काय करायचं, ते ती त्यावर लिही आणि दरवर्षी तो कागद बदले. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, मोठ्या जाहिरात कंपनीत नोकरी. दुसऱ्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ. तिसऱ्या वर्षी तिच्या सरांनी तिची सगळी पोस्टरं टेबलावर मांडून पाहिली आणि म्हणाले, "सब अच्छा है, पर ये किसी का भी हो सकता है." घरी येऊन जेवताना तिनं हे सांगितलं.

"मग? काम स्वच्छ आहे ना?" तिचे बाबा म्हणाले.

"मार्क किती दिले?" मी विचारलं.

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी कपाटावर नवा कागद होता. त्यावर दोनच शब्द होते, ‘स्वतःची रेघ’. मला वाटलं, हे काही ध्येय नव्हे. याला नोकरी कोण देणार?

तिचे बाबा शहराबाहेर, उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज होते. घड्याळाची तबकडी ते मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. भट्टीजवळ ठिणग्या उडतात, काच बाहेर असली की खराब होते. वेळ बघायची तर ते तळहात वर करत, काही मागितल्यासारखा. लग्नात, बँकेत, कुठेही त्यांचा हात असाच वळायचा. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ते आजारी पडले आणि चार महिन्यांत गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

दुपारी मी ऑफिसात असले की मुलगी दवाखान्यात बसायची. तिच्याजवळ कापडी पुठ्ठ्याची एक वही असायची. एकदा मी लवकर पोचले, तर दोघांचं बोलणं चाललं होतं.

"काय काढून राहिली? माझं थोबाड नको काढू, बेटा."

"नाही काढत. हात काढून राहिली."

"हात काहून?"

"चेहरा हिलता है, बाबा. हात चुपचाप बैठता है."

"चला," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "या घरात कोणीतरी चूप बसते म्हणायचं."

मी चादर सरळ केली आणि औषधाची चिठ्ठी शोधायला लागले. वहीत काय आहे, ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तेरवीच्या कार्डाचा विषय निघाला. माझी नणंद शहरातच, तात्यापाऱ्यात राहते. तिच्या गल्लीतच छापखाना आहे. तिथे हार घातलेला फोटो, दिवा, खाली घरच्यांची नावं असा तयार साचा मिळतो, फक्त नाव आणि तारीख बदलायची.

"मी बनवते," मुलगी म्हणाली.

"दुकानात तयार भेटते ना, बेटा," नणंद म्हणाली.

"मले माहीत आहे, आत्या."

तिनं लिनोचा एक तुकडा आणला. रबरासारखा असतो तो. त्यावर चित्र कोरायचं, रोलरनं शाई लावायची आणि कागद दाबायचा. मागच्या ओसरीत बसून ती दोन दिवस कोरत होती. मग दोनशे कार्डं तिनं हातानं छापली आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. कार्डावर फोटो नव्हता, दिवा नव्हता. एक मनगट होतं, मागच्या बाजूनं, आणि त्यावर घड्याळाचा पट्टा आणि बक्कल. तबकडी दिसतच नव्हती. खाली नाव, तिथी, जागा. बाकी कार्ड कोरं.

नणंदेनं दोरीवरचं एक कार्ड काढून जवळ धरलं. "हे घड्याळ आहे का? याले काटे कुठी आहेत? वहिनी, फोटो टाकायचा ना." मग तिनं कार्ड परत दोरीला लावलं. "दादा असाच टाइम पाहे," म्हणाली आणि आत निघून गेली.

तेरवीच्या दोन दिवस आधी मी पत्रावळींचे गठ्ठे बघत होते, तेव्हा मुलगी जवळ येऊन बसली. तिला पुढं मोठ्या संस्थेत शिकायचं होतं, लांबच्या शहरात. फॉर्म भरलेला होता, मुलाखत महिन्यावर आली होती. तिथे नुसतं शेवटचं काम चालत नाही, ते कसं घडलं तेही दाखवावं लागतं, मूळ कागदांसकट. ती म्हणाली, "आई, मी ही वही अन् लिनो घेऊन जाईन. बाकी काही नाही नेत. सर बोले, यही तेरा काम है." मी "बरं" म्हटलं. पत्रावळी कमी पडतील असं वाटत होतं. पण मी ऐकलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

आमच्याकडे तेरवीचं कार्ड घरात ठेवत नाहीत. ज्याच्या घरी येतं तो वाचतो, फाडतो, टाकतो. ज्याच्या घरून जातं त्यानंही उरलेली कार्डं ठेवायची नसतात. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नणंद सकाळीच बोलली, "वहिनी, ते उरलेले कार्ड आजच काढजो. घरात बरं नसते."

"काढते," मी म्हटलं.

मुलगी कॉलेजला गेली होती, हजेरीचं काही अडलं होतं. तिच्या टेबलाखाली वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा होता. त्यात चाळीसेक कार्डं, शाई लागलेले कागद, लिनो आणि सगळ्यात वर ती वही. मी ओसरीत बसले आणि एकेका कार्डाचे चार तुकडे केले. लिनो कात्रीनं कापला. मग वही उघडली.

पहिल्या पानांवर हात होते, त्यांचे. सुईला लावलेली पट्टी, सुजलेली बोटं, मिलमध्ये चेचून काळं झालेलं अंगठ्याचं नख. मी नख पाहून थांबले, इतकं ते त्यांचंच होतं. पुढच्या पानावर त्यांच्या हाताशेजारी दुसरा एक हात होता. बांगडीवरून ओळखला, माझा. त्यांचा हात चादरीवर उताणा होता, वेळ बघायला वळवतात तसा. माझा हात वीतभर अंतरावर चादरीची सुरकुती सरळ करत होता. पान उलटलं. तिथेही तेच. आणखी एक पान. तिथेही माझा हात चादरीवरच होता.

मी वही बंद केली आणि बाकीच्या तुकड्यांवर ठेवली. अंगणात घमेल्यात सगळं जाळलं. पुठ्ठा लवकर पेटत नव्हता, तर मी त्यातली पानं सोडवून टाकली. लिनोचा वास दुपारभर राहिला.

ती तीनच्या सुमारास आली. टेबलाखाली वाकली, मग बाहेर आली.

"आई, माझी वही?"

"कार्डांसोबत गेली."

"गेली मतलब?"

"जाळलं सगळं. घरात नाही ठेवत ते, तुले माहीत आहे."

"वही तो कार्ड नहीं थी."

"गठ्ठ्यात होती. मी पाहिली नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ती घमेल्याजवळ जाऊन उभी राहिली. काडीनं राख उकरली तर लिनोचा एक वितळलेला तुकडा निघाला. तो तिनं उचलला, गरम होता म्हणून खाली टाकला आणि आत जाऊन दार लावलं. संध्याकाळी मी चहा केला. ती प्यायली. त्यानंतर त्या वहीबद्दल आम्ही बोललो नाही. मोबाइलमध्ये कार्डाचा एक फोटो होता, नातेवाईकांना पाठवायला काढलेला. तोच छापून घेऊन ती मुलाखतीला गेली.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"ओरिजिनल पूछा."

"मग?"

"मैंने बोला, घर पे है."

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. वहीमुळे नसेलही. चांगली मुलं पुष्कळ असतात. मी तिला हे सांगून पाहिलं आणि ती मान हलवून "हव" म्हणाली. पदवी झाल्यावर ती इथल्याच एका जाहिरातवाल्याकडे लागली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, सणांच्या शुभेच्छा. हात जोडलेल्या माणसांचे फोटो ती पाच मिनिटांत कापून लावते, असं तिचा मालक कौतुकानं सांगतो. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीच्या चार खुणा आहेत. कागद कधी निघाला, ते माझ्या लक्षात आलं नाही.

तिच्या बाबांचं लॉकर रिकामं करायला मिलमधून दोनदा फोन आला होता. शेवटी एका शनिवारी मी स्कूटी काढून उरल्याला गेले. ट्रकांच्या मागे धूळ खात पोचले. हजेरी लावायच्या टाइम ऑफिसमध्ये सही करताना समोरच्या फळ्यावर नजर गेली. ड्यूटीच्या याद्यांमध्ये, मिलला पाठवलेलं तेरवीचं ते कार्ड टाचणीनं लावलेलं होतं. कडा काळवंडल्या होत्या, रीतीप्रमाणे एक कोपरा फाडलेला होता. कोऱ्या जागेत कुणीतरी पेनानं ‘क्रेन २ बंद’ लिहून मग खोडलं होतं. पण मनगट होतं, पट्टा होता, बक्कल होती.

तिथले बाबू चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. "भाभीजी, ये हमने नहीं हटाया. घर में नहीं रखते, पर ये तो कारखाना है."

मी अर्धी राहिलेली सही पुरी केली.

"शिफ्ट बदलते टाइम लड़के इससे पूछ के जाते हैं," ते म्हणाले, "कितना बजा, साहब?" आणि हसता हसता थांबले.

"मला हवं आहे ते," मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं. द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, ते दिसत होतं. तरी त्यांनी टाचणी काढली. फळ्यावर तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला. लॉकरमध्ये हेल्मेट, बूट आणि एक जुना टॉवेल निघाला. ते मी तिथेच कुणाला द्या म्हटलं. कार्ड पर्समध्ये ठेवलं.

रविवारी सकाळी मी ते मुलीच्या टेबलावर ठेवलं. तिनं बराच वेळ हात लावला नाही.

"घरात आणलं? आत्या काय म्हणेल?"

"म्हणू दे."

तिनं उचलून उजेडात धरलं. "इंक उतर गई. लाइन बची है." तिच्या आवाजात तो जुना कामाचा सूर होता, कितीतरी महिन्यांनी ऐकला. मला वाटलं, आता सांगितलं पाहिजे.

"वही मी पाहिली होती," मी म्हटलं. "उघडून पाहिली, मग टाकली."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"तू कधी न पाहता कागद फेकला का, आई?"

"मग बोलली काहून नाही?"

"तू भी तो नहीं बोली." तिनं कार्ड खाली ठेवलं. "ते चादरवालं पान?"

"हो."

"वो मैंने तुझे बुरा दिखाने के लिए नहीं बनाया था. तू तशीच बसायची. मले चांगलं वाटायचं ते पाहून."

ती उठली. म्हणाली, फॉर्म पुन्हा निघाले आहेत, बाबाचा हात पुन्हा काढता आला तर भरीन. "बाबाचं घड्याळ दे."

मी कपाटातून आणून दिलं. बंद पडलेलं होतं. तिनं ते माझ्या मनगटावर बांधलं, तबकडी आत. पट्ट्याचं त्यांचं भोक वापरून रुंद झालं होतं. ते मला फार सैल, म्हणून तिनं तीन भोकं पुढे लावलं. मग माझा हात टेबलावर ठेवला आणि समोर बसून काढायला लागली.

दहा मिनिटं पेन्सिल चालली. मग खोडरबर. मग पुन्हा पेन्सिल. मी हललेही नाही.

"असं नव्हतं," ती म्हणाली. "अंगठा और बाहर था. किंवा नव्हता." तिनं डोळे मिटले आणि उघडले. कार्डाकडे पाहिलं, पण त्यात मागचीच बाजू होती. "मले आठवून नाही राहिला, आई. हात ही याद नहीं आ रहा."

तिनं पेन्सिल ठेवली. मी हात तिथेच राहू दिला. टेबलावर चादर नव्हती. सरळ करायला काहीच नव्हतं.