ओढून बसवलेला सांधा

ओर्नेल्ला बेर्तोलोत्तो बोल्टला पाना लावायची आणि भलेभले हातातलं काम थांबवून बघत राहायचे. तूरिनच्या त्या कारखान्यात अवकाशस्थानकाचे भाग जोडत, आणि जोडलेलं तपासणं हे तिचं काम. तिची रीत एकच, पण काय जालीम! मनाला येईल तो सांधा निवडायचा आणि त्याचे घट्ट बोल्ट सैल करायचे. सांधा जागच्या जागी राहिला तर पास. उघडला, तर तो बोल्टनं ओढून मिटवलेला. असा ताणलेला धातू आज काही बोलत नाही. पण वर अवकाशात माणसांच्या श्वासाची ओल वर्षानुवर्षं लागते आणि एक दिवस तो तडकतो. तिथं कोण जाणार दुरुस्तीला?

त्या गुरुवारी समोर देल्फिनोचं काम होतं. देल्फिनो म्हणजे तिचा थोरला दीर. दुसऱ्या दिवशी निवृत्त व्हायचा होता, आणि उभ्या हयातीत त्याचं एकही काम परत आलं नव्हतं. हे तो दर रविवारी तिच्याच घरी, आन्योलोत्ती पास्त्यावर ताव मारत सगळ्यांना ऐकवायचा.

तिनं बोल्ट सैल केले. खट्‌कन सांधा उघडला.

"कागदाएवढी तर फट!" देल्फिनो खेकसला. "आवळ आणि हो पुढं."

"पातळ पत्रा घासून भरायचा होता त्यात. आम्हाला शिकवलं कुणी? तूच ना?"

"सगळे घाईघाई करत माझ्या डोक्यावर बसले होते! ओर्नेल्ला, एक दिवस राहिलाय गं माझा. घरच्यांनीच नाक कापायचं?"

तिला फार वाईट वाटलं. तरी तिनं नापासाची लाल चिठ्ठी लावलीच. देल्फिनो तोंड फिरवून निघून गेला. रात्री नवराही तिच्याकडे पाठ करून झोपला.

शुक्रवारी केक आला, वाइन आली, देल्फिनोचा मात्र पत्ता नाही. ओर्नेल्ला शोधत गेली, तर हा गडी सांगाड्याखाली उताणा, हातात पाना. डोक्यावर आणखी दोन सांधे उघडे.

"या बाईसाहेब! अजून दोन चिठ्ठ्या आणा."

"देल्फिनो, हे मी उघडणार नव्हते. कुणाला कळलंही नसतं."

"ठाऊक आहे."

"मग?"

"रविवारी तुझ्यासमोर बसून जेवायचंय मला."

तिनं जाऊन चिठ्ठ्या आणल्या, आणि येताना पत्रा नि दोन कानशीही.