गाणं खलास

आखाती देशातल्या अल हिलाल भागात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक चेक बाई राहतात. तरुणपणी त्या त्यांच्या देशात ऑपेरात गायच्या, अगदी वरच्या पट्टीत. आता इथे शाळेत मुलांना पियानो शिकवतात. एसीची इतकी धास्ती, की भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. बोलताना हात सारखा गळ्याकडे जातो. "एकदा गाणं ऐकवा ना," म्हटलं की "गाणं खलास!" म्हणत झपाझप जिना चढून जातात.

परवा माझी लेक लिफ्टमध्ये अडकली. आत ती किंचाळत होती, बाहेर मी दार बडवत होते. बाई धावत खाली आल्या, मफलर ओढून काढला आणि दाराच्या फटीला तोंड लावून गायला लागल्या. केवढा तो आवाज! जिना दणाणला. वरचा सूर चिरकला, तरी त्या थांबल्या नाहीत. लेक गप्प झाली. मग आतून म्हणाली, "आंटी, अगेन!" मेकॅनिकनं दार उघडेपर्यंत त्या गातच होत्या.

लेक मला बिलगली. बाईंनी घाईघाईनं मफलर गुंडाळला आणि हळूच विचारलं, "कुणी ऐकलं तर नाही ना?"

प्रत्येक मजल्यावर माणसं दारात येऊन उभी होती.

"नाही," मी म्हणाले.