फळ्यावर न मावलेला अकरा

मी गणिताचा मास्तर. पोरांच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. आणि माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती गणितातच, तीही अर्ध्या बुऱ्हाणपूरसमोर. चहाचा घोट आत्ताच घेऊन टाका, नंतर नाकातून येईल.

नव्वदीतली गोष्ट आहे. इंदूरला गणित शिक्षकांचं शिबिर होतं, आमच्या शाळेनं मला पाठवलं. ऑलिम्पियाड नावाची गणिताची परीक्षा असते आणि जगभरची पोरं तिला बसतात, हे मला तिथं कळलं. शिकवायला एक वयस्क प्राध्यापक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पदकं चार मुलांना मिळतील. पण देशात गणित सुधारायचं असेल, तर असे प्रश्न साध्या वर्गात न्या. मुलांना अडू द्या. आणि ती बोलतील तेव्हा ऐका."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नसावं. पुढे लक्षात येईलच.

परत आलो तो अंगात वारं घेऊनच. आमचे प्राचार्य दुबेजी माझ्यापेक्षा उत्साही. म्हणाले, "महाजनजी, सिर्फ बच्चे क्यों? पूरे शहर को लगाओ काम पे." ठरलं असं, की शाळेच्या फाटकाबाहेरच्या फळ्यावर मी एक प्रश्न लिहायचा. सोडवेल त्याचं नाव जाहीर करायचं, आणि तो आपल्या शाळेचा असेल तर इंदूरच्या ऑलिम्पियाड परीक्षेला शाळेतर्फे त्यालाच पाठवायचं.

शिबिरातला एक छान प्रश्न माझ्या डोक्यात होता. एक ते अकरा आकडे ओळीनं लिहायचे, प्रत्येकाच्या आधी अधिक किंवा वजा घालायचं, आणि उत्तर शून्य आणायचं. सकाळी खडू घेतला. आधी हिंदीत लिहिलं, मग मराठीत, मग खाली ठसठशीत आकडे. दहापाशी फळा संपला.

आता काय करायचं? सगळं पुसून परत लिहायचं? मी म्हटलं, जाऊ दे, एक आकडा कमी म्हणजे प्रश्न तेवढाच सोपा. वरच्या 'अकरा'चं 'दहा' केलं आणि हात झटकले. गणिताच्या मास्तरनं असं म्हणावं, याला काय म्हणाल तुम्ही?

फळ्याशेजारीच रामदासभाऊंची चहाची टपरी. दोन दिवसांत ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "सर, गिऱ्हाईक उठतच नाही हो. सकाळपासून तेच करी राहिले. बाकावर, भिंतीवर, किटलीवर, सगळीकडे आकडे लिहेल आहेत."

पॉवरलूमवाले एक शेठ स्कूटर थांबवून म्हणाले, "सर, हर बार एक पे आके अटक जाता है. बस, एक की कसर है."

"सोचिए, सोचिए," मी गूढ हसून म्हटलं.

शाहपूरच्या बसचा कंडक्टर तिकिटाच्या बदल्यात उत्तराचा सुगावा मागायचा. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी जास्तीची द्यायची. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता. आणि तुम्ही विचाराल, तुम्ही स्वतः सोडवून पाहिलं का? कशाला? उत्तर मी शिबिरात पाहिलं होतं.

आमच्या अकरावीत वैशाली होती. दापोऱ्याहून बसनं यायची. वडिलांची केळीची बाग होती आणि घरात सगळ्यांशी वाद घालायची तिला सवय होती. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, त्या प्रश्नाला उत्तर नाही."

"तुला येत नाही, असं म्हण."

"येतंय सर. म्हणूनच सांगते, नाही."

"वैशाली, मोठमोठ्या लोकांनी काढलेला प्रश्न आहे तो."

"का नाही ते दाखवते ना. एकच मिनिट—"

"जा, अजून प्रयत्न कर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं विहिरीकडे उलट चालत निघालेल्या माणसाकडे पाहतात. आणि गेली.

कोणालाच उत्तर येईना, तेव्हा दुबेजींनी जाहीर केलं, शनिवारी मैदानात महाजन सर स्वतः उत्तर सांगतील. मांडव घातला. फळा आणून मंचावर ठेवला. खंडव्याहून शिक्षण खात्याचे एक साहेब आले. समोर शेठ, कंडक्टर, रामदासभाऊ, झाडून सगळे.

मी घसा खाकरला. "अगदी सोपं आहे. सगळ्यात आधी अकरा घ्या."

मग मागून रामदासभाऊंचा आवाज आला, "सर, अकरा कुठे आहे?"

मी फळ्याकडे वळलो. आकडे दहावरच संपले होते. तरी म्हटलं, दहावर जमवू. चिन्हं घातली, एक उरला. पुसलं, पुन्हा घातली, पुन्हा एक. घामानं खडू भिजला. पहिल्या रांगेतून शेठ समाधानानं म्हणाले, "देखा? एक की कसर."

तेवढ्यात वैशाली मंचावर चढली आणि तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"सगळ्यांची बेरीज पंचावन्न," ती म्हणाली. "विषम. आता कुठल्याही आकड्याचं अधिक बदलून वजा केलं, तर बेरीज त्या आकड्याच्या दुपटीनं कमी होते. दुप्पट म्हणजे सम. विषमातून कितीही वेळा सम काढा, विषमच राहणार. शून्य सम आहे. म्हणजे ते कधीच येणार नाही."

"मतलब मेरा पूरा हफ्ता गया," शेठ म्हणाले.

"अगं पोरी, आधी नाही का सांगायचं?" रामदासभाऊ.

"सांगितलं होतं. सरांना."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. मी चपलेकडे. बरोबर उत्तर माझ्या दारात चालत आलं होतं आणि मी त्याला परत पाठवलं होतं, हे त्या क्षणी जे टोचलं, ते हसण्यावारी नेता येत नाही.

तेवढ्यात खंडव्याचे साहेब उभे राहिले. "इसको कहते हैं पढ़ाना. जानबूझकर गलत सवाल दिया, और बच्ची से सिद्ध करवाया."

"साहेब, ते फळ्यावर जागा—" मी सुरुवात केली. दुबेजींनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि हार गळ्यात घातला.

वैशाली इंदूरला गेली, निवडली गेली, पुढे गणितच शिकली. त्या शनिवारनंतर लगेचच्या सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली, तेव्हा म्हणाली, "असू द्या सर. पण पुढच्या वेळी एक मिनिट द्या." तेव्हापासून देतो.

साहेबांनी मात्र मला सोडलं नाही. शाहपूरला तालुक्यातल्या शिक्षकांसाठी माझं व्याख्यान ठेवलं. ओळख करून दिली, "ये सर जानबूझकर गलती करते हैं." मी या वेळी नवा प्रश्न नेला होता, घरी नीट सोडवून. लिहून होतो न होतो तोच निम्मे हात वर. "सर, उत्तर नाही."

"आहे हो," मी म्हटलं.

पुढच्या रांगेतले एक जुने मास्तर डोळा मिचकावून म्हणाले, "सर, आम्ही फसणार नाही."

शेवटी मी अख्खं उत्तर फळ्यावर लिहून दाखवलं. तर सगळे वह्या सरसावून त्यात मी मुद्दाम केलेली चूक शोधायला लागले.

आणि सापडली.