रविवारची खाडी

वाशीत आमच्या गावासमोर बिल्डिंगी उठल्या आणि खाडीचा फाटा बुजवून तिथे बाग करायचं घाटू लागलं. त्या फाट्यावर आमची होडी, आमचं जाळं, आमचं पोट. बाबांनी माझ्याकडून विरोधाचा अर्ज लिहून घेतला, कारण घरात मॅट्रिक मी एकटीच. पण सह्या हव्यात सोसायटीवाल्यांच्या. आमच्या अंगठ्यांना कोण विचारतो?

"आदी त्यांना मासे धराला शिकवनार," बाबा म्हणाले. "ज्यानं हातानं मासा काडला, तो खाडी बुजवू देनार नाय."

पहिल्या रविवारी साहेबलोक दुपारी आरामात जेवून आले. पायांत पॉलिश केलेले बूट, एकाकडे मुंबईहून आणलेली गळाची चरखीवाली काठी. पुढ्यात नुसता चिखल.

"मासे कुठायत?"

"भरती सकालीच झाली. आन आज दशमी, भांगाचं पानी, जोर नाय त्याला. पुनवेला या, उधान असतं."

"पौर्णिमा शुक्रवारी," सेक्रेटरी म्हणाले. "ऑफिस असतं हो. रविवारी नाही का जमवता येणार?"

जणू खाडीची चावी बाबांच्या करगोट्याला!

बाबा चिकट. चार-पाच महिने त्यांनी या मंडळींना तिथी मोजायला, गळाला कोळंबी लावायला, चिंबोरीच्या नांग्या बांधायला शिकवलं. चरखीवाल्यांना बोटभर मासा लागला, तर त्यांनी मजल्या-मजल्यावर पेढे वाटले. बायकासुद्धा "आपली खाडी, आपली खाडी" म्हणू लागल्या. मी नाकं मुरडत होते, पण खरं सांगते, मलाही वाटलं, जमलं.

मग आम्ही अर्ज घेऊन सोसायटीत गेलो. सेक्रेटरींनी "या काका, बसा" करून चहा दिला आणि आदल्याच दिवशी पाठवलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत पुढे केली. खाली सगळ्यांच्या सह्या, चरखीवाल्यांचीही. मी बाबांना वाचून दाखवलं: पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी कुंपणापर्यंत येतं, अष्टमी ते एकादशी भांगाला पाणी साचून डास होतात, तरी फाटा त्वरित बुजवावा.

"तुमच्यामुळेच इतकं मुद्देसूद लिहिता आलं, काका," सेक्रेटरी म्हणाले. आणि मेले मनापासून म्हणाले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबांनी मला तो कागद पुन्हा वाचायला लावला. मग आमचा अर्ज घडी करून खिशात घातला आणि उठले.

"तिथी बाकी बरोबर लिवल्यात," ते म्हणाले.