दिगंबरची फांदी

माझा दोस्त दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळंदच्या माझ्या दुकानात सर्किट जोडत होतो. मी असा ओरडलो, की तिकडं अक्कलकोटात लोकांनी दारं लावून घेतली म्हणे. हार्ट अटॅक... त्या हार्टनंसुद्धा आधी परवानगी मागितली असणार. दिगंबरला न विचारता काही करायची कुणाची टाप नव्हती.

तो अक्कलकोटच्या एका केबल-इंटरनेटवाल्याकडं कामाला होता. गावोगाव खांबांवर ज्या पेट्या असतात ना, त्या विचारलं की बोलतात: बॅटरी किती उरली, आत तापलंय किती. पण हाक मारायला नंबर लागतो. ठिपके देत लांबत जाणारा, भाऊबंदकीसारखा: आधी घराणं, मग तालुका, मग गाव, मग पेटी, शेवटी तिची बॅटरी. हे अख्खं झाड दिगंबरनं एकट्यानं रचलं. "ब्रह्मदेवाला जमलं नसतं," तो म्हणायचा, "त्याच्या फांद्यांना आकडेच न्हाईत!" मी मान डोलवायचो. नाही म्हटलं असतं तर त्यानं चहा पाजला नसता.

मग मालकाचा पुतण्या आला. करजगीची जुनी पेटी जळाली होती आणि दिगंबरनं तिचा नंबर मेलेला म्हणून नोंदवून तिची ओरड, म्हणजे बिघाडाचा इशारा, कायमची बंद केली होती. पुतण्यानं नवी पेटी बसवली आणि तोच नंबर तिला दिला.

"कामून दिलास बे?" दिगंबर भडकला.

"आजोबाचं नाव नातवाला ठिवतो की न्हाई अण्णा आपण? तसंच."

"आरं, आज्याचं तोंड मी बांधलंय! नातू बोंबलला तरी ऐकू येणार न्हाई आता!"

तसंच झालं. नव्या पेटीची बॅटरी बसली, ओरड उठलीच नाही, करजगीचं नेट बंद पडलं आणि गाव ऑफिसात घुसलं. मालकानं सगळ्यांदेखत दिगंबरलाच दोषी ठरवून हाकललं. पुढं झाडसुद्धा पुतण्यानंच रचलं, असं तो तालुकाभर सांगत सुटला.

दिगंबर त्यानंतर हसायचाच बंद झाला. आणि त्याच्या शोकसभेत हाच मालक म्हशीएवढा हार घेऊन आला नि म्हणाला, "आमच्या पुतण्याच्या हाताखाली शिकला बिचारा..." दिगंबरची बायको, आमच्या वहिनी, खाली मान घालून बसल्या होत्या. मी तिथंच ठरवलं, ह्याला सोडायचा नाही.

बॅटरीवर नजर ठेवणारी पेटी मी दुकानात बनवतो. जगभरच्या यंत्रांच्या नंबरांचं असंच एक मोठं झाड आहे. अर्ज केला की त्यात आपली फांदी मिळते, आणि ती पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. मी फांदी मागितली, दिगंबरच्या नावानं. माझ्या सगळ्या पेट्या आता तिथूनच बोलतात. मालकानं त्या घेतल्या. एवढी स्वस्त पेटी सोलापुरापर्यंत मिळत नाही. बंगळुरात मिळते, पण ते त्याला कोण सांगणार?

पुतण्याचा फोन आला. "तात्या, पेटी बोलंना."

"कुणाच्या फांदीवर हाक मारायलास?"

"आमच्या."

"तिथं न्हाई मिळायची, राजा. दिगंबरच्या फांदीवर मार."

मागून मालकाचा आवाज: "मार की रे! गिऱ्हाइकं ओरडायलीत!"

परवा पैसे आणायच्या निमित्तानं मुद्दाम जाऊन बघून आलो. ऑफिसातल्या भिंतीवर भला मोठा पडदा आहे, त्यावर सगळ्या गावांच्या बॅटऱ्या दिसतात आणि सगळ्यांच्या वर फांदीचं ठळक नाव: दिगंबर. मालकाची खुर्ची बरोबर समोर आहे. ती दुसरीकडं फिरवायला तिथं जागाच नाही.