टपावरचे फुगे

भूत, संकेत, शक्ती-बिक्ती यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती झालीच नाही, असं ऑफिसात रोज ठणकावून सांगते. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच जरा लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही राहतो धायरीत, पहिल्या मजल्यावर. माझ्या नवऱ्याने, समीरने, एक जुनी मिनीबस घेऊन तिचं कॅम्पर केलं – आत पलंग, ओटा आणि मुख्य म्हणजे टॉयलेट. हा सगळा खटाटोप आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. त्यांना सारखं बाथरूमला जावं लागतं, त्यामुळे बस नाही, ट्रेन नाही, प्रवासच बंद. आणि त्यांची थोरली बहीण, ताईमावशी, देवगडला. कोविडच्या आधीपासून दोघींची भेट नाही. मावशी आता फारशा उठत नाहीत. फोनवर म्हणाल्या, "येणार असशील तर आता ये गं."

गेल्या पावसाळ्यात, देवगडला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाहिलं, तर गाडीतली आईंची गादी ओलीचिंब! पाणी मागच्या बाजूला, बरोब्बर उशीवर टपकत होतं. समीरने मागचा टप सिलिकॉनने किती वेळा लिंपला असेल... पाणी आपलं ठिबकतंच आहे.

"कॅन्सल करू," तो म्हणाला. "दिवाळीनंतर जाऊ."

"दिवाळीनंतर जायला मी असेन रे. ताई असेल का?" एवढंच बोलून आई वर गेल्या आणि मावशींसाठी भरलेले बाकरवडीचे पुडे पिशवीतून एकेक करून बाहेर काढायला लागल्या. मला ते बघवेना.

"एक शेवटची टेस्ट करू," मी समीरला म्हटलं. पद्धत सोपी आहे. गाडीची दारं-खिडक्या घट्ट लावायची, ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून टपावर साबणाचं पाणी फवारायचं. जिथून पाणी आत शिरतं तिथूनच हवा बाहेर पडते आणि बुडबुडे येतात. पाऊस थांबला होता. मी शिडीवर, समीर ब्लोअरपाशी, आणि आई वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून – सुपरवायझर. मागची बाजू फवारली. एक बुडबुडा नाही. मग अख्खा टप फवारला... आणि लाइट गेले.

धायरीत लाइट जाणं यात अमानवीय काहीच नाही. ब्लोअर बंद पडला. समीरने वैतागून गाडीचं दार सताड उघडलं. "झालं, आवरा आता."

"अरे, पुढे बघा, पुढे!" वरून आई ओरडल्या.

टपाच्या पुढच्या कोपऱ्यात एक फुगा धरत होता. लिंबाएवढा, मग पेरूएवढा – सुटला आणि वर निघाला. मागोमाग दुसरा. मग आणखी एक. वारा नाही, ब्लोअर बंद, दार उघडं... आणि फुगे येतच होते, गॅलरीपर्यंत जात होते! एक तर आईंच्या नाकावर फुटला. त्या टाळ्या वाजवत होत्या. भीती? छे हो! मी शिडीवर उभी राहून लहान पोरीसारखी हसत सुटले होते.

फुगे येत होते गुढीच्या क्लॅम्पखालून. पाडव्याला आईंनी फर्मान काढलं होतं, "घराला गुढी, मग चाकांवरच्या घराला नको?" आणि आमच्या इंजिनिअरसाहेबांनी गुढीची काठी अडकवायला टपात स्क्रू मारले होते... सिलिकॉन न लावता! पाणी तिथून शिरून, पत्रा आणि आतल्या प्लायवूडच्या मधून वाहत मागे उशीवर पडत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

माझ्यातली टेस्टर गप्प बसते होय? क्लॅम्प काढायच्या आधी मी पुन्हा साबण फवारला. दार उघडं, ब्लोअर बंद – काहीच नाही. लाइट आल्यावर दार लावून ब्लोअर चालू केला – नुसता बारीक फेस. तसा फुगा एकही नाही.

समीरने भोकं घासून कोरडी केली, नीट बुजवली. नळी लावून टपावर भरपूर पाणी मारलं. आत सगळं कोरडंठाक.

"आई, कोणी फुगवले असतील हो?" मी विचारलं.

"कोणी का फुगवेना. भोक सापडलं ना? मग चहा टाका आणि बॅगा भरा."

देवगडला पोचलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. ताईमावशी काठी टेकत अंगणात आल्या. मी छत्री धरली, समीरने हात दिला, आणि त्या गाडीत चढून आईंच्या शेजारी गादीवर बसल्या.

"ताई, वर बघ. एवढा पाऊस, पण एक थेंब नाही आत," आई अभिमानाने म्हणाल्या.

"छत काय बघायचंय गं मेले? तुला बघू दे आधी," म्हणत मावशींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दोघी रडल्या, मग हसल्या, मग इतक्या बोलायला लागल्या की कोण कुणाचं ऐकतंय तेच कळेना.

"पण हवा आली कुठून?" पुढच्या सीटवर समीर पुटपुटला.

माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही... आणि खरं सांगू? त्या दोघींकडे बघताना मला इतका आनंद झाला होता, की शोधावंसंसुद्धा वाटलं नाही.